मारल्याची चूक दिसत नाही



काल संध्याकाळी घाटंजीहून परत येताना पानठेल्यावर थांबलो. गाडी बंद करायच्या आधीच ओळखीच्या एकानं विचारलं, "काऊन भाऊ, फवारा नाही मारला अजून? साऱ्या शिवारानं मारला."

मी म्हटलं, सकाळी मोजून पाहिलं. पानामागे सरासरी एक तुडतुडा निघाला. दोनच्या खाली आहे म्हणून थांबलो.

बाजूचा म्हणाला, "मोजत बसा. पऱ्हाटी लाल झाली का मग मोजजा."

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही. पहाटे उजाडायच्या आत वावरात गेलो आणि पुन्हा पानं उलटून पाहिली. आकडा तोच होता. भीती मात्र रात्रीतून दुप्पट झाली होती.

आजची नोंद किडीबद्दल कमी आणि या भीतीबद्दल जास्त आहे. आपल्या बऱ्याच फवाऱ्यांचा निर्णय कीड घेत नाही, ही भीती घेते. आणि तिला खतपाणी घालणारे आपण सगळे आहोत. कास्तकार, दुकानदार, कृषी अधिकारी, कुणीच सुटलेलं नाही. कुणाला राग आला तरी चालेल.

साधा हिशोब मांडतो.

फवारा लागत होता आणि मी मारला नाही, तर माझं वावर लाल पडेल. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण बोट दाखवेल. घरात बोलणी बसतील. ही चूक साऱ्या गावाला दिसते.

फवारा लागत नव्हता आणि मी मारला, तर? पऱ्हाटी हिरवीच राहते. लोक म्हणतात, बरं झालं वेळेवर मारला. मीही तेच म्हणतो. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, ढालकिडे मेले, क्रायसोपा मेला, फवारणाऱ्याच्या अंगात विष गेलं. पण चूक झाली हे कुणालाच कळत नाही. मलाही नाही.

न मारल्याची चूक दिसते. मारल्याची चूक दिसत नाही. जी चूक दिसते तिलाच माणूस भितो. म्हणून शंका आली की आपला हात पंपाकडेच जातो.

आता दुकानदाराच्या जागी बसून पाहा. मी कुणाला चोर म्हणत नाही. तो म्हणाला "राहू द्या, आठ दिवस थांबा" आणि कीड वाढली, तर गिऱ्हाईक कायमचं तुटलं. तो म्हणाला "हे दोन डबे न्या" आणि त्यांची गरजच नव्हती, तर त्याला जाब कोण विचारणार? वरून गल्ल्यात पैसा, नाहीतर वहीत उधारी. जगात कोणता दुकानदार "थांबा" म्हणेल? आणि आपण सल्ला मागायला जातो तेही त्याच काउंटरवर.

कृषी अधिकाऱ्याचंही तसंच. त्यानं लिहून दिलं, "गरजेनुसार फवारणी करावी." कीड वाढली तर तो म्हणणार, आम्ही फवारायला सांगितलं होतं. विनाकारण फवारलं तर तो म्हणणार, आम्ही गरजेनुसार म्हटलं होतं. हा सल्ला कधी चुकूच शकत नाही, म्हणून तो सल्लाच नाही. साहेब, गरज कधी असते हेच तर आम्हाला विचारायचं होतं!

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी इतकी वर्षं इथे लिहिली नव्हती.

2017 चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारणारा आत शिरला की दिसत नव्हता. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भ पोखरला. सरकारनं चौकशीला विशेष पथक नेमलं. पेपरात रोज येत होतं: मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, पंप असा होता, औषधं मिसळली होती, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, शेतकरी निष्काळजी आहे.

माझा सालदार त्यातला एक होता.

सप्टेंबरातली दुपार. दोन औषधं आणि वर एक टॉनिक, मीच बादलीत कालवलं. तो चार वाजता धुऱ्यावर येऊन बसला. डोकं गरगरते म्हणाला, मग उलट्या सुरू झाल्या, मग समोरचं धूसर दिसायला लागलं. यवतमाळला नेला. चार दिवसांनी घरी आला. वाचला. सगळेच वाचले नाहीत.

मी तेव्हा चार लोकांत काय सांगत फिरलो माहीत आहे? "त्याला म्हटलं होतं फडकं बांध, त्यानं बांधलं नाही." मीही निष्काळजीपणा त्याच्याच माथी मारला.

तो घरी आल्यावर भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि विचारलं, "मालक, त्या दिशी नसतं मारलं तं काय झालं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. त्या दिवशी मी पानं मोजली नव्हती. एक बोंड फोडून पाहिलं नव्हतं. बाजूच्यानं मारला, दुकानदारानं डबे दिले, म्हणून मारला. आणि बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत वरून मारलेलं औषध पोचत नाही, हे तर मला तेव्हाही माहीत होतं.

मास्क पाहिजेच. लांब बाह्या, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणं, सगळं पाहिजे. यात दुमत नाही. पण तो फवारा लागत होता का, हा पहिला प्रश्न मला कुठल्या साहेबानं विचारला नाही, कुठल्या पत्रकारानं विचारला नाही. विचारला तो ज्या बाईचा नवरा मरता मरता वाचला तिनं. निर्णय माझा होता आणि विष त्याच्या अंगात गेलं. मारल्याची चूक त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांना दिसली, तीसुद्धा माणसं मेली तेव्हा.

आता काही जण म्हणतील, "आम्हाला शिकवू नका, आमचा अनुभव आहे."

अनुभवाची गोष्ट निघालीच आहे तर बोलू. दहावी झाल्यावर मी वावरात आलो, त्याला 36 वर्षं झाली. म्हणजे कपाशी पेरायचा अनुभव किती? 36 वेळा. बस्स. घाटंजीचा डॉक्टर दोन दिवसांत तेवढे पेशंट तपासतो. पानठेलेवाला तासाभरात तेवढी पानं लावतो. त्याचं पान बिघडलं तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे सांगतं. आपल्याला जूनमध्ये केलेल्या कामाचं उत्तर डिसेंबरात मिळतं. मधात पाऊस, ऊन, कीड, खत, भाव, सगळं मिसळून जातं. कोणत्या गोष्टीनं काय झालं हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

बरं, ते 36 हंगामही एकसारखे नाहीत. सुरुवातीला अमेरिकन बोंडअळी होती, फवारून फवारून आपण थकलो. 2002 मध्ये बीटी आलं. 2006 मध्ये बीजी-2 आलं. वाटलं, बोंडअळीचा विषय संपला. मग गुलाबी अळी त्या बियाण्याला सरावली आणि 2017 उजाडलं. प्रत्येक वेळी बियाणं बदललं, कीड बदलली आणि जुना अनुभव अर्धा बाद झाला. आपण मात्र सगळं एकाच पोत्यात भरून "36 वर्षांचा अनुभव" अशी चिठ्ठी लावतो.

आणि अनुभव फसवतो कसा, ते सांगतो. मुलगी अमरावतीला शिकते, तिनं पुस्तकातली गोष्ट सांगितली. डॅनिएल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणूस निर्णय कसा घेतो यावर त्यांनी जन्मभर काम केलं, 2002 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, 2024 मध्ये ते वारले. ते एकदा इस्रायलच्या हवाई दलातल्या शिक्षकांना शिकवत होते. शाबासकीनं माणूस चांगला शिकतो, असं त्यांनी सांगितलं. एक जुना शिक्षक उठून म्हणाला, आमचा अनुभव उलटा आहे. पोरानं विमान फार छान फिरवलं म्हणून शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो बिघडतो. वाईट फिरवलं म्हणून झापलं की पुढच्या वेळी सुधारतो.

त्या शिक्षकानं पाहिलं ते खरं होतं, लावलेला अर्थ चुकीचा होता. एखाद्या दिवशी फारच वाईट झालं, तर दुसऱ्या दिवशी तो पोरगा झापलं नाही तरी आपल्या नेहमीच्या पातळीवर येणारच होता. शिक्षकाला मात्र वाटलं, आपण झापलं म्हणून सुधारला.

आता हे आपल्या वावरात आणा. आपण पंप कधी उचलतो? कीड सगळ्यात जास्त दिसते तेव्हा. जे टोकाला गेलं ते बरेचदा आपोआप खाली येतं. दणकून पाऊस आला तर मावा धुऊन जातो. ढालकिडे त्याला खातात. आपण मारलेल्या फवाऱ्यानंतर चार दिवसांनी मावा कमी दिसतो आणि आपण छाती ठोकून सांगतो, "अमुक औषधाचा रिझल्ट एक नंबर." असेलही. पण न मारता काय झालं असतं हे पाहिलंच नाही, तर त्या शिक्षकात आणि आपल्यात फरक काय राहिला?

भेंडवळच्या घटमांडणीवर हसणारे आपल्यात बरेच आहेत. अक्षय तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. जुळलेलं भाकीत लोक वर्षानुवर्षं सांगतात, न जुळलेलं विसरतात. माझं म्हणणं एवढंच, की औषधाच्या डब्याबाबत आपण सगळे तेच करतो. लागू पडलेला डबा लक्षात, वाया गेलेला विसरलो.

यावर शहाणे लोक लगेच म्हणतात, "शेतकरी अडाणी आहे, त्याला विचार करता येत नाही." त्यांनाही उत्तर आहे. तामिळनाडूत 464 ऊस उत्पादकांवर एक अभ्यास झाला, 2013 मध्ये तो 'सायन्स' या मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्याच शेतकऱ्यांची डोकं चालवायची परीक्षा दोनदा घेतली. एकदा ऊस तुटायच्या आधी, हातात पैसा नसताना. एकदा ऊस तुटल्यावर, पैसा हातात आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच. पण तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी पडले, पैसा आल्यावर वाढले. म्हणजे अक्कल कमी नव्हती, चिंतेनं डोक्यातली जागा अडवली होती.

आपली तंगी कधी असते? पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. सोयाबीन घरात यायचं असतं, पहिला वेचा लांब असतो, पोरांची फी भरायची असते, बँकेचा फोन येत असतो. आणि फवाऱ्याचे सगळ्यात जास्त निर्णय नेमके याच दिवसांत घ्यावे लागतात. तेही उधारीवर, म्हणजे खिशातून जाताना दिसतही नाही. भरल्या डोक्यानं, रिकाम्या खिशानं, काउंटरवर उभं राहून. असा निर्णय कलेक्टरला घ्यायला लावा, तोही डबाच उचलेल.

मग करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. तीनच गोष्टी आहेत.

पहिली. कधी फवारायचं हे मे महिन्यात ठरवा, डोकं थंड असताना, आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. आकडे मी काढलेले नाहीत, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत असतात. तुडतुडे पानामागे 2 च्या वर. मावा किंवा फुलकिडे पानामागे 10 च्या वर. गुलाबी अळीसाठी कामगंध सापळ्यात रोज 8 पतंग, असे सलग तीन दिवस. किंवा वीस हिरवी बोंडं फोडली आणि दोनात अळी निघाली, म्हणजे 10 टक्के. वावरात तिरपं चालत वीस झाडं धरा, प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटून पाहा. अर्धा तास लागतो. पानठेल्यावर तेवढा जातोच.

दुसरी. फवारायच्या आधी वहीत एक ओळ लिहा. तारीख, मोजलेला आकडा, आणि "मी का फवारतो आहे". "बाजूच्यानं मारला म्हणून" हे कारण असेल तर तेच लिहा. स्वतःच्या हातानं ते लिहिताना पेन अडतो. माझा अडला आहे.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. दर फवाऱ्याला चार तासं सोडा. वावराच्या मधातली चार तासं, दोन्ही टोकांना फडकी बांधून. औषध उडून येतं म्हणून मधल्या दोनच तासांतली झाडं पाहा. सात-आठ दिवसांनी फवारलेली आणि न फवारलेली झाडं सारखीच मोजा. न दिसणारी चूक दिसायला लागते ती इथेच. त्या बाईनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती चार तासं देतात.

लोक म्हणतात, त्या चार तासांतून कीड साऱ्या वावरात जाईल. अरे, तुडतुडा उडतो. तो धुरा पाहून थांबत नाही. शेजाऱ्याच्या अख्ख्या वावरातून येतच असतो, तुमच्या चार तासांनी त्यात काय भर पडणार?

मी पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा पाच फवारे मारले. दोनदा सोडलेली तासं लाल पडली, म्हणजे ते फवारे लागतच होते आणि मारले ते बरोबर केलं. तीनदा मला फरक ओळखता आला नाही. पुढच्या वर्षी मोजून थांबायला शिकलो. एकदा थांबण्यात चूकही झाली. भरपूर ढगाळी होती, आठ दिवस मोजायला गेलो नाही, फुलकिडे वाढले आणि धुऱ्याकडची पऱ्हाटी बसली. साऱ्या गावानं पाहिली. तीही वहीत लिहिली आहे. हा एका वावराचा हिशोब आहे, यावरून जिल्ह्याचा निकाल लावू नका. तुमच्या वावरात तुमची चार तासं सोडा.

फवारूच नका असं मी कुठेही म्हणत नाही. आकडा वर गेला की मीही मारतो, त्याच दिवशी मारतो, पूर्ण कपडे घालून मारतो. आता मी स्वतः मारतो, दुसऱ्याला लावत नाही.

शेवटचं, ही नोंद वाचणाऱ्या कृषी अधिकाऱ्यांना आणि विद्यापीठातल्या मंडळींना. तुमच्या प्रत्येक प्रयोगात एक तुकडा बिनऔषधाचा ठेवता ना? तो नसेल तर तुमचा प्रयोग तुमचेच लोक मानत नाहीत. मग आमच्या गावात प्रात्यक्षिक घेताना तो तुकडा कुठे जातो? आम्हाला फक्त फवारलेली हिरवीगार पऱ्हाटी दाखवता, फोटो काढता, निघून जाता. पुढच्या वेळी शेजारी न फवारलेली चार तासं ठेवा आणि आम्हालाच मोजायला लावा. "गरजेनुसार" हा शब्द पत्रकातून काढा, तिथे आकडा लिहा. आणि एखाद्या वर्षी छातीवर हात ठेवून लिहा, "या आठवड्यात फवारू नका." चुकलात तर आम्ही शिव्या देऊ. त्या शिव्या आम्ही दर वर्षी पानठेल्यावर खातोच, थोड्या तुम्हीही खा.

माझ्या वावरातला आजचा आकडा: तुडतुडा सरासरी एक. फवारा नाही. परवा पुन्हा मोजतो आणि इथेच लिहितो, वाढला तरी लिहितो.

ज्यानं चार तासं सोडली त्यानं फोटो टाका. लाल पडली असतील तरी टाका. त्यातूनच शिकणं आहे.